बाप्तिस्म्याचा चिमटा

टॅम्सिनला शुक्रवारी रात्रभर झोप लागली नाही, ती देवाच्या भीतीनं नव्हे. देवाशी तिचं वाकडं नव्हतं. मुळात ओळखच नव्हती, तर वाकडं कुठून असणार. तिला जागं ठेवलं ते एका शब्दानं. रविवारी वेनथॉर्पच्या चर्चमध्ये, बाप्तिस्म्याच्या कुंडापाशी उभं करून पाळकबाई तिला विचारणार होत्या, ख्रिस्ताकडे वळतेस का, आणि तिनं भरल्या चर्चसमोर म्हणायचं होतं, 'वळते.' बाथरूमच्या आरशासमोर तिनं ते म्हणून पाहिलं. दर वेळी तोंडावर तोच भाव यायचा, जो सासूचं करपलेलं रोस्ट वाखाणताना येतो.

कारण साधं होतं. गावात धड अशी एकच शाळा, आणि ती चर्चची. चार वर्षांची विनी पुढच्या सप्टेंबरात शाळेत जाणार होती, आणि बाप्तिस्मा झालेल्या मुलांचा नंबर आधी लागायचा. त्यामुळे सगळं गाव हेच करायचं. देखल्या देवा दंडवत. मुलाचं नाव पटावर चढलं की रविवारची बाकं पुन्हा ओस. टॅम्सिनला या लोकांची मनापासून किळस यायची, आणि गेले सहा महिने दर रविवारी ती त्यांच्याच बाकावर बसून त्यांचीच गाणी म्हणत होती. स्वतःची किळस करायचं तिनं शाळेत प्रवेश मिळेपर्यंत पुढे ढकललं होतं.

शनिवार, दोन नोव्हेंबर. घड्याळं गेल्याच रविवारी तासभर मागे सरकवलेली, त्यामुळे चहाच्या वेळेलाच काळोख. पाच तारखेची आतषबाजी अजून लांब होती, तरी कुठंतरी पोरं आतापासूनच फटाके उडवत होती. टॅम्सिन, विनी आणि टॅम्सिनचा धाकटा भाऊ जॉस असे तिघं कुंडाभोवती फुलं बांधायला चर्चमध्ये गेले. नवरा कामासाठी परदेशी होता, तो रविवारी सकाळी उतरणार होता. जॉस विनीचा धर्मपिता व्हायला लंडनहून आला होता. त्याचा विश्वास एका विशिष्ट दुकानाच्या कॉफीवर होता, बाकी कशावर नव्हता.

चर्चची किल्ली एडविन पिंचबेक यांच्याकडे असे. ऐंशीच्या पुढचे गृहस्थ. आधी शेती केली, मग कित्येक वर्षं चर्चचे वॉर्डन, म्हणजे कारभारी, होते, आता नुसतेच हजर असत. किल्ली ते कुणाच्या हातात देत नसत. स्वतः येऊन दार उघडायचे आणि काम संपेपर्यंत शेवटच्या बाकावर बसून राहायचे, गुरांच्या बाजारात बसावं तसे, घ्यायचं काही नाही पण नावं प्रत्येकीला ठेवायची.

कुंड कमरेएवढं, आठ कोनांचं, दगडी. प्रत्येक बाजूला एकेक संत कोरलेला आणि प्रत्येक संताचा चेहरा कुठल्याशा धर्मवेड्या शतकात छिन्नीनं उडवलेला. टॅम्सिननं इतिहासाची पदवी घेतलेली असल्यामुळे तिला राहवलं नाही. काठावरचे गंजके लोखंडी खुंट दाखवून ती जॉसला सांगू लागली की पूर्वी याला झाकण घालून कुलूप ठोकत, कारण लोक आशीर्वादाचं पाणी चेटकासाठी चोरून न्यायचे.

"आणि मग आमच्या खापरपणजोबांनी हे कुंडच उचलून डुकरांना पाणी पाजायला नेलं, ते सांगायचं राहिलं तुझं," पिंचबेक मागून म्हणाले. "शंभर वर्षं डुकरं प्यायली त्यातून. पण शाळेसाठी कुणी आलं नाही हो त्यांच्यात."

जॉस मोठ्यानं हसला. टॅम्सिन शेवंतीच्या देठांना तार गुंडाळत राहिली.

थोड्या वेळानं जॉसनं टॉयलेट कुठं आहे म्हणून विचारलं. पिंचबेकनी हनुवटीनंच उत्तरेच्या भिंतीकडे दाखवलं. तिथं जुन्या कमानीत पांढरा प्लायवुडचा दरवाजा बसवला होता, आत कुणी असलं की लाल आणि नसलं की हिरवी खूण दाखवणाऱ्या कडीचा.

"सैतानाच्या दारात आहे," ते म्हणाले. "जा साहेब. हात धुवायला गरम पाणी आहे."

जॉस परत आला तो खुशीत. तुमच्या सैतानानं बाळांचे लंगोट बदलायची घडीची फळीपण बसवून घेतलीय, म्हणाला. टॅम्सिननं मग त्याला, थोडं वरच्या पट्टीत, समजावून सांगितलं की बाप्तिस्म्याच्या वेळी उत्तरेचं दार उघडं ठेवायची जुनी समजूत होती. मुलातून जे काही बाहेर पडतं त्याला जायला वाट हवी म्हणून. ही समजूत अगदी अलीकडची, जुन्या काळाला चिकटवलेली असावी असं काही अभ्यासकांचं मत आहे, हेही तिनं जोडलं.

"हे तुझ्या अभ्यासकांनी मेव्हिसला सांगायला हवं होतं," पिंचबेक म्हणाले. "मेव्हिस टॉफ्ट. माझी शेजारीण. भिंतीला भिंत."

बाहेर अंधार, आत गारठा, हीटर नुसता टकटक करत होता. विनी लांब, बायबल ठेवायच्या पितळी गरुडाच्या चोचीत शेवंतीची पानं भरवत होती. फुलं बांधून व्हायची होती. म्हातारा बोलायला लागला तेव्हा दोघांनीही त्याला अडवलं नाही.

मेव्हिस चर्च झाडायची, पितळ घासायची. बाप्तिस्मा असला की आणखी एक काम करायची, जे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. आईच्या मागं उभी राहायची, बाळाची शाल सारखी करायची, आणि शाल सारखी करता करता बाळाला चिमटा घ्यायची. तिची आई घ्यायची, आजी घ्यायची. पाणी पडल्यावर बाळ रडलं पाहिजे. रडलं म्हणजे निघालं. उत्तरेचं दार उघडं, निघालं की बाहेर. पाळकाला ठाऊक असायचं, आईला ठाऊक असायचं. त्याविषयी बोलायचं नाही एवढीच रीत.

मग हल्लीच्या पाळकबाईंच्या आधीचे पाळक आले. उत्साही माणूस, गिटार वाजवायचा. लोकांना चर्चमध्ये यावंसं वाटलं पाहिजे, आणि लोकांना म्हणे दोन गोष्टी लागतात, कॉफी आणि टॉयलेट. नळ-गटार जमत होतं ते फक्त उत्तरेच्या कमानीत. जुनं ओकचं दार स्क्रूंनी बंद केलं, त्याच्यावर फ्लशची टाकी टांगली. मेव्हिस त्यांच्याकडे गेली, म्हणाली हे दार लागतं. ते मान तिरकी करून हसले, म्हाताऱ्या माणसांकडे बघून हसतात तसे, आणि म्हणाले, मेव्हिस, हवं तर तू खिडकी उघड.

त्यानंतरचा पहिला बाप्तिस्मा शनिवार-रविवारी गावात येणाऱ्या एका लंडनच्या जोडप्याच्या मुलाचा होता. त्यांनी फोटोवाला आणला होता. मेव्हिस शाल सारखी करायला पुढं झाली तर तो म्हणाला, आजी, जरा फ्रेमच्या बाहेर. ती बाहेर झाली. इंग्लंडात माणूस सांगितलं की बाहेर होतो.

"पाणी पडलं," पिंचबेक म्हणाले. "बाळ हूं की चूं नाही. सगळे म्हणाले, किती गुणी."

संध्याकाळी मेव्हिस कुंड रिकामं करायला आली. अशीच थंडी, असाच अंधार. बुडाचं बूच काढलं की ते पाणी सरळ खालच्या मातीत जातं. गटारात सोडत नाहीत. तिनं बूच काढलं. पाणी जाताना बघत उभी राहिली. आणि तिला बाळाचं रडणं ऐकू आलं.

टॉयलेटमधून.

कडीवर लाल खूण होती. तिला वाटलं, ती आई परत आली असेल, लंगोट बदलत असेल. आता दुसऱ्याच्या टॉयलेटबाहेर कान देऊन उभं राहणं वाईट दिसतं. म्हणून मेव्हिस लांब गेली. मेणबत्त्यांचे पितळी स्टँड उगाच खडखड वाजवले, बाहेर कुणीतरी आहे हे आतल्या बाईला कळावं म्हणून. रडणं चालूच. बराच वेळ. आई काही बोलत नव्हती. गप्प गप्पसुद्धा करत नव्हती.

मग मेव्हिस तिथूनच म्हणाली, "सावकाश होऊ दे हं, बाई. मला घाई नाही."

रडणं थांबलं.

एकदम...

लाल खूण फिरली. हिरवी झाली.

दार उघडलं नाही.

मेव्हिस थांबली. तुम्ही-आम्ही पळालो असतो. ती थांबली. मग जाऊन तिनं दार ढकललं. आत कुणी नव्हतं. फळी खाली पाडलेली होती. ओली होती. तिनं काय करावं? तिनं ती पुसली. पुसून घडी घालून भिंतीला लावली. दिवे घालवले. दक्षिणेच्या दारातून बाहेर पडली आणि, हात आपला सवयीचा, मागच्या माणसासाठी तिनं दार धरून ठेवलं.

मागं कुणी नव्हतं.

"पण धरलं ते किती वेळ," पिंचबेक म्हणाले. "तिनंच मला सांगितलं. म्हणाली, एडविन, जेवढा वेळ लागतो ना कुणाला बाहेर पडायला... तेवढा वेळ मी धरलं."

हीटरची टकटक कधीतरी थांबली होती. लांब फटाका वाजला. जॉस टॅम्सिनकडे बघून हसायच्या बेतात होता, पण हसला नाही.

"त्या रात्रीपासून," पिंचबेक म्हणाले, "भिंतीपलीकडनं... बाळाचं रडणं."

मेव्हिसला मूल नव्हतं, नातवंड नव्हतं, मांजरसुद्धा नव्हतं. ती रात्र रात्र खोलीत येरझारा घालायची. पावलं ऐकू यायची, काहीतरी गुणगुणल्यासारखं ऐकू यायचं. ईस्टरच्या आत ती गेली. घर रिकामं झालं, अजून विकलं गेलेलं नाही. झोपताना पिंचबेक कानातलं यंत्र काढून पेल्यात ठेवतात. यंत्र नसलं की त्यांना शेजारचा ट्रॅक्टरही ऐकू येत नाही.

"हे येतं," ते म्हणाले.

जॉसनं भाडं मागा त्याच्याकडे असं काहीतरी म्हटलं. त्यावर कुणी हसलं नाही. टॅम्सिनला विचारायचं नव्हतं. ती तारेचं टोक दुमडत होती, आणि तिच्या तोंडून निघालंच, "त्या बाळाचं काय झालं?"

"बाळ मजेत आहे. रडत नाही कधी. आई सगळ्यांना सांगायची, कित्ती गुणी." पिंचबेक उठले, किल्ली खिशात चाचपली. "दुसऱ्या वर्षी त्यानं गरम शेगडीवर हात ठेवला. आई शेजारच्या खोलीत होती. तिला कळलं... वासानं."



"तुम्हाला काय त्याचं, पोरी," दिवे घालवत ते म्हणाले. "तुम्ही शिकलेली माणसं."

घरी आल्यावर जॉसनं म्हाताऱ्याची नक्कल केली आणि टॅम्सिन त्याच्याहून जोरात हसली. नवख्यांना घाबरवायचं, दुसरं काय काम आहे यांना. डुकरांच्या कुंडाला देव मानणारी माणसं. शिवाय काळजीचं कारणच नव्हतं. केस धुताना डोक्यावर पाणी पडलं की विनी शेजारीपाजारी गोळा करायची. उद्या ती अशी रडेल की पाळकबाईंना बाप्तिस्मा आवरता घ्यावा लागेल.

हे मनाशी म्हणून टॅम्सिन कुशीवर वळली आणि मग तिला आठवलं की गेला आठवडाभर ती विनीला नेमकं उलटं शिकवत होती. चर्चमध्ये तमाशा नको म्हणून. दुधाचं भांडं घेऊन रोज टबात सराव. डोळे मिट, ओठ मिट. पाणी आलं तरी रडायचं नाही. शाळेतल्या मुली रडत नाहीत. रडणाऱ्या मुलींना शाळेत घेत नाहीत. सोमवारी विनी किंचाळली होती. गुरुवारी हुंदका गिळला होता. शुक्रवारी तिनं आवाजसुद्धा केला नाही, आणि टॅम्सिननं तिला चॉकलेट दिलं होतं.

रविवारी सकाळी, लोक जमायच्या आधी, टॅम्सिननं टॉयलेटचं दार सताड उघडून त्याला गाण्यांच्या जाड पुस्तकांची टेकण लावली. उत्तरेचं खरं दार तर फ्लशच्या टाकीमागं. पण निदान एवढं. हे आपण करतो आहोत यावर तिचा विश्वास बसत नव्हता. पदवी घेतलेल्या, घटस्फोटित मैत्रिणींना सल्ले देणाऱ्या, आयुष्यात राशिभविष्य न वाचलेल्या आपण. दहा मिनिटांत सासूबाई टोपी सावरत आल्या आणि पुस्तकं बाजूला करून दार बंद केलं. "फोटोत कमोड येतोय गं," त्या म्हणाल्या, आणि सून अशीच असते या समाधानानं पुढच्या बाकावर जाऊन बसल्या.

'वळते' हा शब्द लोण्यासारखा बाहेर आला. कुणी वळून बघितलंसुद्धा नाही. ज्याच्यासाठी रात्र जागून काढली ते खोटं इतकं स्वस्त निघालं की टॅम्सिनला थोडा अपमान वाटला.

मग विनी स्टुलावर चढून कुंडावर वाकली. एक ओंजळ. डोळे मिटलेले. दुसरी. ओठ मिटलेले. नवरा फोन धरून हसत होता. जॉस मेणबत्ती घेऊन उभा. रड, टॅम्सिन मनात म्हणाली. रड गं. तिसरी ओंजळ पडली. पाणी कपाळावरून नाकावर, नाकावरून दगडात. विनी उभी. खांबासारखी. मागच्या बाकावरून कुणी बाई म्हणाली, "अगंबाई, किती गुणी."

टॅम्सिन पुढं झाली. तिनं विनीची कॉलर सारखी केली. बाही सारखी केली. आणि बाहीखाली, डाव्या दंडाला, चिमटा घेतला. हलका नाही. नखं रुतवून, पिळून.

विनीनं डोळे उघडले. आईकडे बघितलं. डोळ्यांत पाणी भरलं, काठापर्यंत आलं, आणि तिनं ते... आत घेतलं. ओठ आणखी घट्ट मिटले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात मागच्या बाकावर पिंचबेक आपल्या बुटांकडे बघत होते.

नंतर सॉसेज रोल झाले, केक झाला, सासूबाईंचे फोटो झाले. केक कापायच्या आधी विनी टॉयलेटला गेली. टॅम्सिन बरोबर निघाली तर म्हणाली, मी एकटी जाणार, मी शाळेची आहे. आत गेली, कडी लावली. टॅम्सिन बाहेर, लाल खुणेकडे बघत, हातात कागदी बशी धरून उभी राहिली. आतून काही ऐकू आलं नाही. काहीच नाही. मग पाणी ओढल्याचा आवाज आला, विनी बाहेर आली, आणि ओले हात फ्रॉकला पुसत केकाकडे गेली. टॅम्सिनला स्वतःचंच हसू आलं.

रात्री तिनं विनीला टबात बसवलं. खाली नवरा आणि जॉस उरलेली वाइन संपवत होते, बाहेर फटाके. डाव्या दंडावर तो डाग उमटला होता. निळा-जांभळा, नखांच्या दोन कोरींसकट. टॅम्सिनच्याच नखांच्या. ती टबाशेजारी गुडघ्यांवर बसून त्याच्याकडे बघत राहिली. म्हाताऱ्याला हसली होती ती. मेव्हिसला हसली होती. मेव्हिस, तिची आई, आजी, त्या निदान परक्या लेकरांना चिमटे घेत होत्या. "सॉरी बाळा," ती म्हणाली. विनीनं मान हलवली, बदकाला बुडवलं, सोडलं.

साबण लावायला टॅम्सिननं तिचा उजवा हात वर केला.

त्या दंडावरही डाग होता.

त्याच जागी. तसाच पिळलेला. पण लहान. जॉसच्या हाताचा नव्हे, कुठल्याच मोठ्या माणसाच्या हाताचा नव्हे. टॅम्सिननं विनीचीच बोटं उचलून त्यावर ठेवून बघितली. विनीची बोटं मोठी पडली. नखांच्या कोरी तांदळाच्या कणीएवढ्या.

नळ ठिबकत होता. टॅम्सिननं तो बंद केला.

"हा कुणी घेतला, विनी?"

विनी बदकाकडे बघत होती.

"दुखलं का... फार?"

विनीनं वर बघितलं. तिचा चेहरा उजळला होता, आईनं आता विचारलं म्हणजे आता नक्की चॉकलेट, तसा.

"टॉयलेटमध्येपण नाही रडले मी," ती म्हणाली. "आता घेतील ना मला शाळेत?"